लाइनवाल्या काकू

अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला काकू बॉलकडे कधीच बघत नसत. अख्खं स्टेडियम बॉलमागे माना वळवत असताना त्या रांगेत वाकून उभ्या असलेल्या पाच धिप्पाड मुलांच्या पायांकडे टक लावून बसलेल्या असत. त्यांची सीट गोलपोस्टच्या मागे होती, सगळ्यात वाईट समजली जाणारी. तिथून बॉल नीट दिसत नाही, पण त्या पाच जणांच्या मधल्या फटी दिसतात, म्हणून त्यांनी ती मुद्दाम मागून घेतली होती. डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर पोळीभाजीचा डबा, पायात नर्स घालतात तसे पांढरे बूट. आजूबाजूचे लोक उठून नाचायला लागले की त्या मला विचारायच्या, "काय झालं? टचडाऊन झाला का?"

पहिल्यांदा मला मॅचला नेलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "बॉल नको बघू, पाय बघ. बॉल फेकणाऱ्याचं नाव पेपरात येते. पण त्याला फेकायला जो वेळ मिळते ना, तो हे पाच जण देतात. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. ही पाच जणांची लाइन. समोरून बैलासारखे लोक धावून येतात, त्यांना अंगावर घ्यायचं, बस्स. यांना कोणी ओळखत नाही." मग म्हणाल्या, "मी ओळखते. मी जेवायला घालते त्यांना."

काकू मूळच्या नागपूरच्या. तिथे गृहविज्ञान शिकल्या होत्या, आणि पुढे अमेरिकेत आहारशास्त्राची परीक्षा दिली होती. काका स्टेट हायवे खात्यात इंजिनियर. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या त्या युनिव्हर्सिटीच्या गावात काकू खेळाडूंच्या किचनच्या मुख्य होत्या. मी तिथे एमएस करायला आलेली साताऱ्याची मुलगी. स्टुडंट व्हिसावर कॅम्पसमध्ये आठवड्याला वीस तास काम करता यायचं, ते मी त्यांच्या हाताखाली करायचे. कामावर मी त्यांना चुकून "काकू" म्हणाले आणि खेळाडूंनी ते उचललं. "काकू" म्हणजे आमच्या भाषेत "कुक" असं त्यांना वाटे. काकूंनी त्यांची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

माझं काम उष्टे ट्रे परत येतात त्या खिडकीवर होतं. पण काकूंनी बघितल्याशिवाय एकही ट्रे खरवडायची मला परवानगी नव्हती. त्या खिडकीशी उभ्या राहून कोणी काय टाकलं ते बघायच्या आणि सांगायच्या, याचं पोट बिघडलंय, याचं घरी भांडण झालंय, याचा गुडघा दुखतोय पण हा ट्रेनरला सांगत नाहीये. गुडघ्याचं ताटावरून कसं कळतं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठला नाही ना तो."

ऑगस्टमध्ये सीझनच्या आधीचा सराव सुरू झाला की गावात दुसरा विषय नसे. बँकेत, न्हाव्याकडे, पोस्टात, सगळीकडे यंदा टीम कशी आहे हेच. आणि काकू सरावाच्या तिसऱ्या दिवशी आपलं भाकीत जाहीर करत. गावातल्या पेपराचा एक म्हातारा वार्ताहर किचनच्या मागच्या दाराशी कॉफी प्यायला यायचा आणि काकूंचं म्हणणं "जाणकारांच्या मते" असं म्हणून छापायचा. सलग तीन वर्षं ते खरं ठरलं होतं. काकूंना त्याचा अभिमान होता. तो त्या लपवतही नसत. चर्चच्या तळघरात आमच्या मराठी मंडळींचा गणपती बसायचा, तिथे बायका मोदकाच्या उकडीबद्दल बोलत असायच्या आणि काकू कुणाच्या तरी दहा वर्षांच्या मुलाचे खांदे चाचपून म्हणायच्या, "हा टॅकल होईल." बायका एकमेकींकडे बघायच्या. काकांनी तर मंडळींची माफी मागणंही केव्हाच सोडून दिलं होतं.

ज्या वर्षाबद्दल सांगायचंय, त्याच्या आदल्या सीझनला आमची लाइन पार मोडली होती. बॉल फेकणाऱ्या मुलाचा खांदा निखळला आणि पुढच्या सगळ्या मॅचेस हरलो. पण नव्या वर्षी पाचांपैकी चार जण अनुभवी होते, शेवटच्या वर्षाला आलेले. प्रश्न एकाच जागेचा होता, उजव्या गार्डचा. त्या जागेसाठी राज्याच्या दक्षिणेकडच्या कोळशाच्या खाणींच्या भागातून आलेला एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. काकू पाचही जणांना भावंडांसारख्या हाका मारायच्या. सेंटर म्हणजे "थोरला" आणि हा नवा म्हणजे "धाकटा". ही नावं फक्त आमच्या दोघींत.

धाकटा प्रचंड होता. ट्रे दोन्ही हातांनी धरून चालायचा, लहान मूल दुधाचा पेला नेतं तसा. त्याची आई शाळेची बस चालवायची, वडील नव्हते. पहिल्या दिवशी खिडकीशी ट्रे ठेवताना त्यानं मला विचारलं की माझ्या घरी गायी आहेत का. मी म्हटलं, एक म्हैस होती. म्हैस म्हणजे काय ते समजावून सांगेपर्यंत मागे रांग लागली. त्याच्या ट्रेमध्ये कधी काही उरत नसे. ग्रेव्हीसुद्धा पावानं पुसून घेतलेली असे.

सरावाच्या पहिल्याच दिवशी लाइनचा कोच काकूंकडे आला. बोलायला अतिशय अदबशीर माणूस होता, काकूंना नेहमी मॅडम म्हणायचा, तंबाखू थुंकायला बाहेर जायचा. त्यानं सांगितलं की या मुलाला पहिल्या मॅचच्या आत तीस पौंड उतरवायचं आहे. तो हलका झाला की ही लाइन कुणाला ऐकणार नाही, आणि हे काम फक्त तुम्हीच करू शकाल. काकू खूश झाल्या. मला म्हणाल्या, "बघ, माझ्याकडे आला तो. ट्रेनरकडे नाही गेला." आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी म्हाताऱ्या वार्ताहराला सांगितलं की यंदाची लाइन तुटणार नाही, फक्त उजवा गार्ड हलका व्हायला पाहिजे. ते छापून आलं. न्हाव्याच्या दुकानात कात्रण लागलं.

मग काकूंनी धाकट्याचं जेवण आपल्या हातात घेतलं. सकाळी दोन उकडलेली अंडी, कोरडा टोस्ट, अर्धं ग्रेपफ्रूट. दुपारी उकडलेलं चिकन आणि पालेभाजी. दूध नाही, ग्रेव्ही नाही, बटाटा नाही. बाकीचे चौघे शेजारी बसून डोंगर रचल्यासारखे ट्रे भरून जेवत आणि हा आपल्या ताटाकडे बघून आधी हात जोडायचा, मग हळूहळू खायचा, लवकर संपू नये म्हणून. एकदा त्यानं तिसरं अंडं मागितलं. काकूंनी नाही म्हटलं. ते त्यांनी प्रेमानंच म्हटलं, हे मी तिथे उभी होते म्हणून सांगू शकते. "तुझ्या भल्यासाठी," म्हणाल्या. तो "यस मॅडम" म्हणाला.

सराव दिवसातून दोनदा चालायचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये हवा अशी दमट होती की किचनच्या बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. मैदानावर सराव चालू असताना पाणी प्यायचं नाही, असा लाइनच्या कोचचा नियम होता. पाणी प्यायलं की मुलं मऊ पडतात, असं त्याचं मत. आमच्या धाकट्याला तर सरावानंतरही जास्त पाणी देऊ नका, वजनाचा काटा वर जातो, असा निरोप आला. तो निरोप काकूंनी मानला नाही. त्या त्याच्यासमोर पाण्याचा जग भरून ठेवायच्या आणि तो एका दमात संपवायचा. पण मैदानावर पाणी नाही, या नियमाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. ते त्यांचं क्षेत्र नव्हतं.

वजन उतरत होतं. रोज दुपारनंतर काट्यावरचा आकडा कळला की काकूंचा चेहरा उजळायचा.

विसाव्या दिवशी सकाळी त्याचा ट्रे खिडकीवर आला. दोन्ही अंडी तशीच होती. टोस्टला हात लावलेला नव्हता. पाण्याचा जगही टेबलावर भरलेला होता. काकूंनी ट्रे बघितला, मग मला विचारलं की तो कसा दिसत होता. मी म्हटलं, घाम नव्हता त्याला. बाकी सगळे निथळत होते, हा कोरडा होता. त्यांनी एप्रन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चल."

मैदान दहा मिनिटांवर होतं. काकूंना मी त्याआधी कधी घाईनं चालताना बघितलं नव्हतं. कोच मैदानाच्या कडेला होता. काकूंनी त्याला सांगितलं, आज त्या मुलाला बसवा. तो आजारी आहे. कोचनं टोपी काढली, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, बावीस पौंड उतरलेत. ते तुम्ही केलंत. आता शेवटच्या आठवड्यात आपण त्याची साथ सोडायची का?"

काकूंनी मैदानाकडे बघितलं. समोर मुलं एकमेकांवर आदळत होती. त्यात धाकटा कुठला ते मला ओळखू आलं नाही, सगळ्यांची हेल्मेट्स सारखीच. मग काकू म्हणाल्या, "ठीक आहे. रात्रीच्या जेवणात मी त्याला मीठ घालून सूप देते." आणि आम्ही परत आलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या की बावीस म्हणजे खरंच पुष्कळ झालं.

दुपारी चारच्या सुमारास अँब्युलन्सचा आवाज आला. काकू तेव्हा सूप ढवळत होत्या. त्यांनी गॅस बंद केला, पण पळी हातातून ठेवली नाही. नंतर कळलं ते असं: सराव संपल्यावर धावण्यात मागे पडणाऱ्यांना मैदानाच्या जादा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तो तिसऱ्या फेरीत पडला. आधी ओरडून उठवायचा प्रयत्न झाला. काही वेळ कुणाला वाटलं की तो नाटक करतोय. थोरला धावत गेला आणि त्यानं हेल्मेट काढलं, तोवर तो भलतंच काहीतरी बोलत होता, आईला बस थांबवायला सांगत होता.

त्या संध्याकाळी बाकीचे चौघे जेवायला आले. ट्रे घेतले, बसले, आणि सगळे ट्रे भरलेलेच परत आले. काकूंनी ते बघितले नाहीत. दोन दिवसांनी धाकटा हॉस्पिटलमध्येच वारला. अंगातला ताप उतरलाच नव्हता.

त्यानंतर पाचव्या दिवशी त्याची आई किचनमध्ये आली. त्याच्याइतकीच उंच, चर्चला घालायचा निळा ड्रेस घातलेली. सोबत युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातला सूट घातलेला माणूस होता. मुलगा जिथे जेवायचा ती जागा तिला बघायची होती. काकूंनी तिला ती खुर्ची दाखवली. ती बसली. टेबलावर दोन्ही हात पसरून तिनं विचारलं, "तो उपाशी होता का?"

सूटवाला मधेच म्हणाला की आमच्या सर्व खेळाडूंना उत्तम आहार दिला जातो. आईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती काकूंकडेच बघत होती.

"हो," काकू म्हणाल्या. "तो उपाशी होता. मी त्याला उपाशी ठेवला."

सूटवाल्यानं काकूंचा दंड धरला. आईनं टेबलावरचे हात मागे घेतले. मग म्हणाली, "इथे आल्यापासून कुणी मला काही सांगत नव्हतं." ती उठली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि गेली.

त्या दिवसापासून काकांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी मला फोन करून सांगितलं, हिला समजाव, चौकशीत विचारतील तेवढंच बोल म्हणावं. मी समजावलं नाही, पण पुढे जे केलं ते त्याहून वाईट होतं.

चौकशी समितीत तिघे जण होते. काकूंनी त्यांच्यासमोर सांगितलं, "मी त्याचं जेवण तोडलं, कोचनं त्याचं पाणी तोडलं. त्या दिवशी सकाळी मी त्याला बसवायला सांगायला गेले होते. नाही म्हटल्यावर मी परत आले. हीसुद्धा माझीच चूक." कोचनं सांगितलं की असं काही बोलणं झाल्याचं त्याला आठवत नाही. मग त्यांनी मला बोलावलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. माझा व्हिसा, माझी फी, माझी डिग्री, सगळं त्याच युनिव्हर्सिटीच्या हातात होतं. कुणी मला धमकी दिली नव्हती. समितीतल्या बाईंनी फार मायेनं विचारलं की त्या सकाळी मी मैदानावर गेले होते का. मी म्हटलं, मला नक्की आठवत नाही, मी ट्रे धुवत असेन. त्या "थँक यू" म्हणाल्या. दरवाजातून बाहेर पडताना बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "झालं का? जेवलीस का काही?" मी मान हलवली आणि पुढे गेले.

अहवालात लिहिलं होतं की मुलाच्या हृदयात आधी न कळलेला दोष असावा, आणि कुणी धोक्याची सूचना दिल्याचा पुरावा मिळाला नाही. काकूंचं बोलणं कुणीतरी पेपराला पुरवलं. त्यांच्या घरी फोन यायला लागले, परत जा म्हणणारे. म्हातारा वार्ताहर कॉफीला यायचा बंद झाला. मराठी मंडळींतही लोक म्हणाले, काय गरज होती हिला बोलायची, आपण इथे पाहुणे. सगळ्यात वाईट गोष्ट किचनमध्ये घडली. सीझनच्या पहिल्या आठवड्यात ते चौघे काकूंच्या काउंटरवर आलेच नाहीत. पलीकडच्या काउंटरवरून ट्रे भरून घ्यायचे. थोरला एकदा जवळ येऊन खाली बघत म्हणाला, "मॅडम, आमचा सीझन आहे." काकूंनी त्याला सांगितलं की पलीकडे चिकन कमी शिजलंय, त्यांना अजून दहा मिनिटं ठेवायला सांग.

उजव्या गार्डच्या जागी दुसरा मुलगा आला. लाइन तुटली नाही. सगळ्या सीझनभर बॉल फेकणाऱ्याच्या अंगाला कुणाचा हात लागू दिला नाही त्यांनी. वर्षाच्या शेवटी पेपरात लिहून आलं की सीझनच्या आधी या लाइनकडून जी अपेक्षा होती, ती पूर्ण झाली. लाइनचा कोच मोठ्या जागी गेला. काकूंची बदली गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॉस्टेलच्या किचनमध्ये झाली होती. वर्षभरात त्यांनी ती नोकरी सोडली आणि काकांना शिकागोत काम मिळाल्यावर दोघं तिथून जवळच्या नेपरव्हिलला राहायला गेली.

माझी डिग्री झाली, मलाही शिकागोतच नोकरी लागली. नेपरव्हिलची ट्रेन माझ्या ऑफिसच्या इमारतीखालून सुटायची, तरी जायला मला तीन वर्षं लागली. एका रविवारी सकाळी बर्फ पडत असताना मी गेले. काय बोलायचं ते ट्रेनमध्ये घोकलं होतं. काकू खूप बारीक झाल्या होत्या. त्यांनी माझा कोट झटकला, बूट रेडिएटरपाशी ठेवले आणि पोह्यांची तयारी करायला लागल्या. मी किचनमध्ये उभी राहून बोलून टाकलं. म्हटलं, काकू, मी खोटं बोलले. मला सगळं आठवत होतं.

त्या कांदा चिरत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहीत आहे मला. तू लहान होतीस." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण तू बोलली असतीस तर बरं झालं असतं."

तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी घड्याळाकडे बघितलं, हात धुतले आणि भिंतीवरच्या फोनखाली ठेवलेल्या स्टुलावर बसल्या. काकांनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. मी जायला लागले, तर काकूंनी हातानं थांब म्हटलं.

धाकट्याची आई होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चहून आली की ती फोन करायची. त्या वीस दिवसांत त्यानं काय काय खाल्लं, ते तिला ऐकायचं असे, दर वेळी एक दिवस. काकूंना सगळं पाठ होतं. वीस दिवस एकदा संपले, की त्या परत पहिल्यापासून सुरू करत. त्यांचं इंग्रजी फोनवर फार सावकाश यायचं. मंगळवार, त्या म्हणाल्या. सकाळी दोन अंडी, टोस्ट, अर्धं ग्रेपफ्रूट. पाणी, एक जग. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण काकू थांबल्या, आणि त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "तिसरं अंडं त्यानं मागितलं होतं. मी नाही म्हटलं."

पोह्यांची कढई तापून धुरावली होती, मी गॅस बारीक केला. मग पलीकडून पुन्हा आवाज आला, आणि काकूंनी दुपारचं जेवण सांगायला सुरुवात केली.